पडवीतलं बाक

बसायला गेले आणि खाली बाक नव्हतं. पडले नाही, पण पडायचं तेवढं बाकी राहिलं. एका हातात पिशवी, दुसरा हात हवेत, कमरेत अर्धी वाकलेली, अशी मी भर रस्त्यात उभी. आमच्या वयाचे पाय डोळ्यांना विचारून चालत नाहीत. कोपऱ्यावर वळायचं, आंब्याखालून जायचं, पाठ फिरवायची आणि टेकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बसथांब्याची शेड कालपर्यंत होती. आज तिच्या जागी सिमेंटचा चौकोन, कापलेल्या खांबांचे बुटके बुंधे आणि पत्र्याचा सांडलेला गंज. समोरच्या दुकानातली पाववाली तोंडावर हात ठेवून हसली. मीही हसले, न हसून करते काय. पण छातीत जे धडधडायला लागलं ते पडण्याच्या भीतीने नव्हतं. बाक नव्हतं, म्हणजे कोणीतरी ते नेलं होतं. आणि काल आपाकुकी म्हणाला होता की ते बाक तो नेणार.

शेड बदलणार हे काही आभाळातून पडलं नव्हतं. खांबाला तसा कागद चिकटवून कितीतरी दिवस झाले होते. सुवा शहरातल्या जुन्या शेडा एकेक करून जाणार, नव्या येणार, काचेच्या, आत दिवा असलेल्या, पाठ टेकता येईल अशा खुर्च्यांच्या. तो कागद वाचल्यापासून मी लहान पोरीसारखी वाट बघत होते. जुन्याचं कौतुक ज्यांना असेल त्यांना असो. आमच्या शेडेत होतं काय? भिंतीवर साबणाची जाहिरात, तिच्यातल्या बाईचा चेहरा कधीच उडून गेलेला, नुसता फेस उरलेला. वर भोकं पडलेला पत्रा. सुवात पाऊस कधी येतो असं कोणी विचारत नाही, कधी थांबतो ते विचारतात, आणि आमचा पत्रा डाव्या बाजूला गळायचा. बाक तेवढं चांगलं. वेसीच्या लाकडाची एकच लांब फळी, माणसांनी बसून बसून गुळगुळीत केलेली, उन्हाळ्यातही गार. मी उजवीकडे बसायची, आपाकुकी डावीकडे. पाऊस आला की तो सरकत सरकत माझ्या खांद्याला येऊन टेकायचा आणि वर मलाच म्हणायचा, “सर तिकडे, उनाइसी. तुझ्या बेटाचा देव गळतोय बघ माझ्यावर.”

“गळतंय तुझ्यावर, मी का सरू?”

“बरं, नको सरू,” म्हणायचा आणि आणखी टेकायचा.

याला कोणी चावटपणा म्हणत नसे, कारण तो माझा तौवू. त्याच्या बेटाचा मूळ देव आणि आमच्या बेटाचा मूळ देव भाऊ भाऊ होते म्हणतात. थोरला कोणाचा यावर अजून निकाल लागलेला नाही. आम्ही म्हणतो, त्यांचा देव आमच्या देवाचे मासे चोरून पळाला. ते म्हणतात, आमच्या देवाने त्यांची रताळी चोरली. तेव्हापासून दोन्ही बेटांच्या माणसांना एकमेकांची वाट्टेल ती टर उडवायची मोकळीक. तौवूची वस्तू न विचारता उचलावी, त्याच्या ताटातलं खावं, चारचौघांत त्याची अब्रू काढावी, आणि त्याने रागवायचं नाही. रागावला तर तोच हरला. आपाकुकी जन्मभर आगबोटींवर खलाशी होता, आता बोटींवरचं काम सुटलं तरी रोज सकाळी धक्क्यावर जाऊन दुसऱ्यांच्या बोटींना नावं ठेवतो. मी शहरातल्या कापडाच्या दुकानात जाते, गल्ल्यामागे बसून फोन उचलते. एका थांब्यावर दोन म्हातारी माणसं, त्यातून तौवू, म्हणजे बाकीच्या प्रवाशांना फुकटचा तमाशा. “आली का रताळेचोरांची नात!” असं तो पार आंब्यापासून ओरडायचा. “कुजक्या माशाचा वास कुठून येतो म्हटलं,” मी म्हणायची. आमच्याकडे बसलेल्या माणसापुढून जाताना कमरेत वाकायचं, आवाज खाली करून “तुलोऊ”, म्हणजे माफ करा, म्हणायचं, हे पोरं चालायला लागतात तेव्हाच शिकतात. मी बाकावर बसले की शाळेची पोरं, पाववाली, कामावर निघालेले बाप्ये, सगळे वाकून जायचे, तुलोऊ नाऊ, तुलोऊ नाऊ. म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे नाऊ म्हणतात. आपाकुकी तेवढा ताठ चालत यायचा, माझ्या डोक्यावरून हात नेऊन मागच्या खिळ्याला छत्री अडकवायचा. डोक्यावरून हात! दुसऱ्या कोणी नेला असता तर माझ्या भावांनी त्याच्या घरी जाऊन जाब विचारला असता.

माझा नवरा साकिउसा गेला तेव्हाही आपाकुकी आला होता. त्या वेळी नुसती तोंडओळख. चटयांवर आम्ही बायका बसलो होतो, रडून रडून घसे बसलेले, आणि हा आला तो थेट शवपेटीजवळ, पेटी हाताने मापली आणि मोठ्याने म्हणाला, “लहान पडली. रताळेचोरांना पेटीसुद्धा नीट बनवता येत नाही. ऊठ रे साकिउसा, तिकडे सर, मी झोपून बघतो.” आणि खरंच एक पाय वर टाकला. सगळीकडून हशा उठला. तौवूने मयताच्या घरी असंच करायचं असतं, कोणाला त्याचं नवल नव्हतं. मला मात्र वाटलं होतं की आता आपल्याला पुन्हा हसू येणार नाही. आणि मी अशी हसले की शेजारणीला मला धरावं लागलं. हसता हसता मग जे रडू आलं ते खरं रडू होतं, त्याआधीचं नुसतं पाणी. त्या दिवसाबद्दल मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. तौवूचे आभार मानायचे तरी कसे?

आता कालचं सांगते, कारण काल रात्रीपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. काल बारीक पाऊस होता. डब्यात मैद्याचे बाबाकाऊ होते, मी सकाळीच तळलेले, वरून कडक, आतून मऊ. आपाकुकी टेकून बसला होता आणि माझ्या डब्यातलं माझ्या आधी खात होता, थर्मासमधला लिंबाच्या पानांचा चहा माझ्याच झाकणातून पीत होता. म्हणाला, “उद्या हे बाक काढणार आहेत. मी मागून घेतो, माझ्या पडवीत टाकतो.”

“टाक. तुझ्या पडवीत आहेच काय, भोकं पडलेल्या जाळ्या.”

“तूही ये.”

“कुठे?”

“पडवीत. बाकावर बसायला. रोज.”

“रोज यायला मला घरदार नाही का?”

“मग राहायलाच ये,” तो म्हणाला.

रोज असलं काहीतरी तो म्हणायचाच. माझ्याशी लग्न कर, तुझ्या बाबाकाऊसाठी करतो, तुझ्यासाठी नाही. असं तर त्याने भर बसमध्ये ड्रायव्हरला साक्षी ठेवून म्हटलं होतं, आणि सगळी बस टाळ्या वाजवत होती. म्हणून कालही मी माझं फेकलं. म्हटलं, “का रे, तुमच्या बेटावरच्या बायका मेल्या का सगळ्या? की तुला बघून पोहत पळाल्या?” पाववाली खो खो हसली. आता तो याच्याहून वाईट काहीतरी म्हणणार म्हणून मी वाट बघत बसले. तो काही बोलला नाही. आपल्या हातांकडे बघत राहिला, हे मोठाले दोरखंड ओढलेले हात, एक बोट कधीचं वाकडं. मग त्याची बस आली. छत्री घेतली, माझ्या डोक्यावरून घेतली की बाजूने, ते मला आता आठवत नाही आणि तेच आठवायला हवं होतं. गेला. दुकानात पोचून डबा उघडला तर आत एक बाबाकाऊ शिल्लक.

शेवटचा बाबाकाऊ आपाकुकी कधी सोडत नाही. तुफानाच्या इशाऱ्याच्या दिवशी सोडला नव्हता. दाढ सुजली होती त्या दिवशीही चहात बुडवून खाल्ला होता. मी त्या डब्याकडे बघत राहिले आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या, या वयात.

दुकानाच्या आधी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. साऱ्या बेटांचे कॉल आमच्या हातून जायचे, कानाला यंत्र लावून दिवसचे दिवस. ऐकायचं नाही असा नियम होता आणि ऐकल्याशिवाय लाइन लागली की तुटली ते कळायचं नाही. लग्नं जुळलेली ऐकली, मोडलेली ऐकली, मेल्याच्या बातम्या तर किती. बोलणारा खोटं बोलतोय का ते मी दुसऱ्या शब्दाला ओळखत असे. आणि गप्प बसण्याचे प्रकार तर मला पाठ होते. लाइन मेली की जी शांतता येते ती पोकळ असते. पलीकडे माणूस श्वास धरून बसला असेल तर ती भरलेली असते, कानाला कळते. पण आपाकुकीपुढे माझं हे ज्ञान कुचकामी. तौवूचा आवाज हा एकच आवाज. त्यात चेष्टेला आणि खऱ्याला वेगळी लाइनच नाही. सगळे शब्द आम्ही टिंगलीत वापरून चोळामोळा करून टाकलेले. लग्न कर, राहायला ये, तू मेलीस तर मी कोणाच्या डब्यातलं खाऊ, सगळं म्हणून झालेलं. मग एखाद्याला खरंच म्हणायचं असेल तर त्याने कुठले शब्द आणायचे? काल तो गप्प बसला तेव्हा मी समजले, लाइन मेली, तौवू हरला, मी जिंकले. रात्री अंथरुणावर तीच शांतता पुन्हा कानात आली आणि ती भरलेली होती. मी उठून बसले. मग स्वतःलाच म्हटलं, झोप, म्हातारे.

पण हेही आहेच की आपाकुकी चेष्टा करतो ती अर्धीमुर्धी करत नाही. एकदा त्याने साऱ्या बसला सांगितलं की चर्चच्या सोडतीत मला डुक्कर लागलं. किती दिवस लोक येऊन विचारत होते, नाऊ, डुक्कर कधी कापताय? चर्चमधली एक बाई तर पातेलं घेऊन आली. तेव्हा आता मी चढ चढून त्याच्या पडवीत गेले, आणि तिथे त्याचे धक्क्यावरचे सगळे दोस्त यांगोना प्यायला भांडं घेऊन बसलेले असले, मला बघून गुडघ्यांवर थापा मारत लोळले, तर? सुवात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, शेजारच्या बेटांवर गोष्ट जाईल. आणि गेले नाही, आणि त्याने खरंच म्हटलं असलं, तर तो पुन्हा म्हणणार नाही. तौवू असला तरी पुरुष आहे. पुन्हा म्हणणार नाही आणि मी आयुष्यभर डाव्या बाजूकडे बघत बसेन. या सगळ्याचा मी त्या सिमेंटच्या चौकोनापाशी उभी राहून विचार करत होते, आणि खरं सांगायचं तर घाबरले नव्हते, मला मजा येत होती. ओठ आपोआप हसत होते.

नारिंगी जाकिटातला एक तरुण गडी खांबाचा बुंधा फोडत होता. सेमिसी त्याचं नाव, जाकिटावर लिहिलेलं. मी म्हटलं, “सेमिसी, इथलं बाक कुठे गेलं रे?”

“जरा बाजूला व्हा, नाऊ, खडे उडतील. बाक ना? एका तात्यांनी मागितलं.”

“कोणी?”

“नाव नाही विचारलं. आम्ही यायच्या आधीच कठड्यावर बसले होते. कमरेला गुंडाळलेली इस्त्रीची सुलू, पांढरा शर्ट, पायांत पॉलिश केलेल्या चपला. मला वाटलं, चर्चला निघालेत की काय, पण आज कुठला रविवार? म्हणाले, बाक द्याल का. मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, तात्या, पुढच्या थांब्याचंही काढतोय, दोन न्या. तर म्हणाले, नको, एक पुरतं दोघांना.”

“दोघांना म्हणजे कोणाला?”

सेमिसी माझ्याकडे बघून खांदे उडवून हसला. “ते काही बोलले नाहीत. आमच्यातल्या दोघांनी उचलून दिलं वरपर्यंत. तात्या पुढून ओरडत होते, सांभाळून, सांभाळून, जसं काही आत माणूस झोपलंय.”

वर बघितलं. थांब्यावरून त्याच्या घराचा फक्त पत्र्याचा कोपरा दिसतो, बाकी आंबा झाकून टाकतो. त्या कोपऱ्याकडे बघता बघता मला काल त्याने म्हटलेलं वाक्य पुन्हा ऐकू आलं, पहिलं अर्धं आणि दुसरं अर्धं. बाक पडवीत टाकतो, तूही ये. पहिलं अर्धं खरं झालं होतं. एकाच दमात म्हटलेल्या वाक्याचं अर्धं खरं आणि अर्धं खोटं असतं का? एक्स्चेंजमधल्या माझ्या अख्ख्या नोकरीत असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. पण तौवूंची वाक्यं एक्स्चेंजवर कुठे यायची? ते समोरासमोर शिव्या देतात.

बस आली. मी हात केला नाही. दुसरी आली, तीही सोडली. दुकानात फोन वाजत असेल, मालक नाव घेऊन ओरडत असेल, ओरडो बापडा. नवी शेड ट्रकवर आडवी पडून आली आणि क्रेनने ती उचलली तेव्हा मी पाववालीचा हात घट्ट धरला. अशी हळूहळू हवेतून खाली आली, काचांवर अजून कागद, छताला निळा रंग, आणि सेमिसी खालून हात करत होता, ये, ये, आणखी, बस. बोल्टांत बसली. मी टाळ्या वाजवल्या. पाववाली म्हणाली, “नाऊ, तुमचंच घर बांधतायत असं चाललंय तुमचं.” आज मला काहीही बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

“बसा नाऊ, तुम्ही पहिल्या,” सेमिसी म्हणाला. “उद्घाटन करा.”

बसले. आत नवेपणाचा वास, रंगाचा आणि रबराचा. पाठ टेकली, हे सुख होतं, नाही म्हणत नाही. पण खुर्च्या सुट्या सुट्या, दोन खुर्च्यांच्या मध्ये लोखंडी हात. पाऊस टिपटिपायला लागला होता आणि छत कुठेच गळत नव्हतं, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. कोणाला सरकायचं कारण नाही, आणि सरकायचं म्हटलं तरी लोखंड मध्ये. तेव्हा मला कळलं की जुन्या शेडेतल्या एकाच गोष्टीचं मला प्रेम होतं, त्या भोकाचं. हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. तेवढ्यात तो आंब्याखालून येताना दिसला.

इस्त्रीची सुलू, पांढरा शर्ट, पॉलिशच्या चपला चिखल चुकवत. छत्री होती पण उघडली नव्हती, आणि आंब्यापासून तो ओरडला नाही. पाववालीच्या दुकानापुढे लोक थांबले, सगळ्यांना रोजचा तमाशा हवा होता. मी जीभ परजली. माझी खुर्ची शेडेच्या तोंडाशी, रिकामी खुर्ची पलीकडे, तिथे जायचं तर माझ्यापुढून जायला हवं. मला ठाऊक होतं काय होणार. ताठ येईल, डोक्यावरून हात नेईल, इथे खिळा नाही म्हणून छत्री माझ्याच गळ्यात अडकवेल, आणि म्हणेल, चल रताळेचोरांच्या नाती, डुक्कर कापलंय, सगळे वाट बघतायत. आणि मग मी जन्मभर हसत राहीन. तो शेडेच्या तोंडाशी येऊन थांबला. छत्री काखेतून काढून खाली धरली. माझ्याकडे बघितलं नाही. मग वाकला. गुडघे दुखतात त्याचे, मला माहीत आहे, तरी पार कमरेतून खाली वाकला, डोकं माझ्या डोक्याच्या खाली नेलं, आणि आवाज खाली करून म्हणाला, “तुलोऊ.”

तसाच वाकलेला माझ्यापुढून गेला, सावकाश, आणि पलीकडच्या खुर्चीत बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. समोर बघत राहिला.

माझ्या दातांपर्यंत आलं होतं: का रे, कमरेत उसण भरली का? चांगलं होतं, पाववाली लोटपोट झाली असती. मी ते गिळलं. कोणीच काही बोलत नव्हतं, सेमिसीनेही यंत्र बंद केलं होतं. ती शांतता मी नीट ऐकली. भरलेली होती. पलीकडे माणूस श्वास धरून बसला होता, आणि या खेपेला माझ्या कानांनी मला फसवलं नाही.

बस आली. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली, “काय नाऊ, नवं घर मिळालं वाटतं! येताय ना?” मी उठले. बसचं दार समोर होतं. त्याच्या पडवीकडे जाणारी चढाची वाट पलीकडून होती, त्याच्या गुडघ्यांपुढून. पिशवी पोटाशी धरली, आत कालचा डबा होता आणि डब्यात ज्याचा त्याला द्यायचा होता तो एक बाबाकाऊ. मी वाकले. माझेही गुडघे कुरकुरले. कुजक्या माशाच्या बेटावरच्या त्या माणसाला, ज्याला मी आयुष्यात कधी मान दिला नव्हता, मी आवाज खाली करून म्हटलं, “तुलोऊ,” आणि वाकलेली तशीच त्याच्यापुढून गेले आणि चढाला लागले. आंब्यापाशी पोचले तेव्हा मागे छत्री खाली पडल्याचा आवाज आला, आणि ती न उचलताच कोणीतरी घाईघाईने उठल्याचा.